बसणाऱ्या मालनमावशी

मालनमावशी कधीच कुणाच्या समोर बसत नसत. स्टूल ओढायच्या, ते आडवं वळवायच्या आणि पेशंटच्या शेजारी, पेशंट जिकडे बघत असेल तिकडेच तोंड करून बसायच्या. पेशंट खिडकीकडे बघत असेल तर ह्या खिडकीकडे, भिंतीकडे बघत असेल तर ह्याही भिंतीकडे. सांगलीतल्या त्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर मी पहिल्या दिवशी औषधं घेऊन पोहोचलो, तेव्हा माझी सोळा वर्षांची मुलगी कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या शेजारी साठीला टेकलेल्या एक बाई स्टुलावर होत्या आणि दोघी मिळून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होत्या. बाईंच्या मांडीवर प्लॅस्टिकचं ताट होतं, ताटात बेदाणे होते, आणि बाई ते निवडत होत्या.

माझं त्या वेळचं मत सांगून टाकतो. मला वाटलं, इथे माझ्या लेकीच्या जिवावर बेतलंय आणि ह्या बाई घरची कामं उरकताहेत. मी मास्तर माणूस. मलकापुरातल्या एका शाळेत तेव्हा सव्वीस वर्षं मराठी शिकवत होतो. मागच्या बाकावर कुणी भलतंच काही करताना दिसलं की माझा आवाज आपोआप चढतो.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"आमी बेदाणं निवडतोय," बाई म्हणाल्या. "तुमी रुतुजाचे पप्पा व्हय? बसा की."

'आमी' म्हणाल्या त्या. ऋतुजाने एकाही बेदाण्याला हात लावलेला नव्हता.

ऋतुजा तेव्हा अकरावीत होती. एका सोमवारी सकाळी तिने जगणं संपवायचा प्रयत्न केला. कसा, ते मी लिहिणार नाही; ते वाचून कुणाचं भलं होणार नाही. का, तेही लिहिणार नाही. ते तिचं आहे. एवढं सगळं लिहायलाही मी तिची परवानगी घेतली आहे. तिने हा मजकूर वाचला आणि माझ्याच शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून दिल्या.

आम्ही वेळेत पोहोचलो म्हणून ती वाचली. पहिले दोन दिवस कराडात अतिदक्षता विभागात गेले. धोका टळल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता मनाच्या डॉक्टरांकडे काही दिवस ठेवावं लागेल. तशी सोय जवळपासही झाली असती. पण कराड-मलकापुरात दर दुसऱ्या कोपऱ्यावर माझा एक माजी विद्यार्थी उभा असतो. कुणाला कळू नये म्हणून मी सांगली गाठली. आणि निघण्याआधी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश टाकला: 'चि. ऋतुजा हिचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले आहे. प्रकृती स्थिर आहे. भेटण्यास येण्याची घाई करू नये.' टाकायच्या आधी सवयीप्रमाणे मी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ऋतुजा तीन फुटांवर पडलेली होती, जागी होती, आणि तिने तो ऐकला. आज त्या गोष्टीची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

तिसऱ्या मजल्यावर, ज्या मुलांना क्षणभरही एकटं सोडायचं नाही असं डॉक्टरांनी ठरवलेलं असे, त्यांच्याजवळ दिवसभर एक माणूस बसवत. दवाखान्याच्या कागदोपत्री ह्या कामाला लांबलचक इंग्रजी नाव होतं. मजल्यावर सगळे नुसतं 'बसणाऱ्या मावशी' म्हणत. खुद्द मावशींचं म्हणणंही तेच होतं. "माजं काम बसायचं. बाकीचं डाक्टर करत्यात." रात्री माझी बायको मनीषा थांबायची, दिवसा मी. मी असलो तरी मावशी असायच्याच, कारण पहिल्या आठवड्यात डॉक्टरांचा माझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा होता.

मावशी कुपवाडच्या. मुलगा तिथल्याच एका कारखान्यात लेथवर. तो सकाळी आईला मोटरसायकलवरून दवाखान्याच्या फाटकात सोडायचा आणि उलटा जाऊन पहिली पाळी गाठायचा. वर आल्यावर त्या मजल्यावरच्या प्रत्येकाला 'जयभीम' म्हणायच्या आणि मला तेवढा 'नमस्कार, सर'. चौथ्या दिवशी मीच आधी जयभीम म्हणालो, तेव्हा "आता वळख झाली बगा" म्हणून हसल्या. ह्या कामाआधी त्यांनी वीस-बावीस वर्षं तासगाव रस्त्याच्या शेडमध्ये बेदाणे निवडले होते. तिथे बायका ओळीने शेजारी शेजारी बसतात, नजर ताटात असते आणि तोंडं चालू असतात. "समूर बसून कुनी बोलत न्हाई सर," त्या म्हणायच्या. "समूर बसत्यात त्ये पोलिस आन् सोयरीक बगाय आल्याली मानसं."

ते बेदाणे किलोभर असतील. काडी एकीकडे, काळे एकीकडे, पिवळे एकीकडे, अशा ढिगाऱ्या दिवसभरात तयार व्हायच्या. आणि संध्याकाळी निघताना मावशी त्या सगळ्या ढिगाऱ्या काड्यांसकट एकत्र कालवून डब्यात भरून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी परत तेच ताट. मी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, परत मिसळायचेच तर निवडायचे कशाला?"

"काम हातास्नी पायजे हाय सर. बेदाण्यास्नी न्हाई."

मला वाटलं होतं, ह्या बाई इतक्या मायेने पोरांजवळ बसतात त्याअर्थी ह्यांच्या आयुष्यात काहीतरी मोठं दुःख घडलेलं असणार. शेड सोडून हे काम धरलंत ते कसं, असं मी एकदा आडून विचारलं. मावशींनी ताट बाजूला ठेवलं. मी ऐकायला सरसावलो. "शेडात पंखा न्हवता," त्या म्हणाल्या. "हितं हाय."

तिसऱ्याच दिवशी मी फुटलो. ऋतुजा तोवर आमच्यापैकी कुणाशीही एक शब्द बोललेली नव्हती. पाणी दिलं तर प्यायची, गोळी दिली तर घ्यायची. मी डबा उघडला, तिने मान फिरवली, आणि माझा तोल सुटला. "का केलंस असं? का? काय कमी केलं होतं आम्ही तुला? का नाही बोललीस एकदाही?" बाजूच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी बोलत होतो. ऋतुजाने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

मावशींनी हातातली मूठ निवडून संपवली. सिस्टरला हाक मारून स्टुलावर बसवलं आणि मला बाहेर, पाण्याच्या फिल्टरपाशी नेलं.

"सर, तुमी मराठीचं मास्तर न्हवं का?"

"हो."

"मग एक सांगू का? राग मानू नगा. तुमचा 'का' लय म्होरं येतोय. त्यो जरा मागं घ्या."

मला काही कळेना. मावशींनी पाण्याचा पेला भरून माझ्या हातात दिला.

"आवं, 'का जेवली न्हाईस' म्हनलं की पोरगी आरोपी झाली. 'जेवलीस का' म्हनलं की पोरगी पोरगीच ऱ्हाती. सबूद त्योच हाय. म्होरं आला की टोचतोय, मागं आला की न्हाई टोचत."

सव्वीस वर्षं मी फळ्यावर प्रश्नार्थक वाक्यं लिहिली. वाक्याच्या आरंभीचा 'का' आणि शेवटचा 'का' ह्यांतला फरक मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतला असेल. तो फरक कुणाच्या तरी जिवाला लागतो, हे मला कुपवाडच्या ह्या बाईंनी फिल्टरपाशी सांगितलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी ते शहाण्यासारखं ऐकून घेतलं नाही. मनातल्या मनात मी त्यांचं 'म्होरं' सुधारून 'पुढे' करत होतो.

पण दुसऱ्या दिवशी प्रयत्न केला. दिवसभर पहिला 'का' वापरायचा नाही, असं ठरवून ऋतुजाजवळ बसलो, आणि माझ्या लक्षात आलं की मला बोलायला काही उरलंच नाही. घरात मी दुसरं बोलतच नव्हतो. का उशीर झाला, का मार्क गेले, का दार लावून बसलीस, का तोंड पाडलंयस. सगळी वाक्यं तिथूनच सुरू व्हायची. मग मी गप्प बसलो. मावशींनी माझ्यासमोर बेदाण्यांची एक मूठ ओतली आणि म्हणाल्या, "काड्या काडा. चष्मा घाला पर."

त्याच संध्याकाळी आमचं भांडण झालं. पाचला मुलगा न्यायला यायच्या आधी मावशी रोज ऋतुजाला एक प्रश्न विचारत, हे मला ठाऊक नव्हतं. त्या वेळी मी नेमका खाली चहाला जायचो. त्या दिवशी गेलो नाही. मावशींनी ताट बाजूला ठेवलं, आणि चहा घेतलास का असं विचारावं त्या सुरात विचारलं, "रुतुजा, आज मरावं वाटलं का?"

मी उठून उभाच राहिलो. "मावशी! पोरीला काय विचारताय हे? जे विसरावं म्हणून आम्ही धडपडतोय तेच तोंडावर..." मी तसाच डॉक्टरांच्या खोलीत गेलो. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "सर, विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. आत असतो तो बाहेर यायला वाट मिळते. आम्ही सगळेच विचारतो. फरक एवढाच, की मुलं आम्हाला बरं वाटावं म्हणून 'नाही' सांगतात, आणि मावशींना खरं सांगतात."

"पण ती तर बोलतच नाही."

"जाऊन बघा."

मी दारात परत आलो. मावशींनी आपला तळवा ऋतुजापुढे धरला होता. "किती वाटलं, त्ये ठिव," त्या म्हणत होत्या. ऋतुजाने ताटात हात घातला, मूठ भरली आणि मावशींच्या तळव्यावर रिकामी केली. तळव्यात मावेनात इतके बेदाणे होते, काही खाली पडले. मावशींच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "बरं. कळलं," एवढंच म्हणाल्या आणि ते बेदाणे तसेच घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. खाली पडलेले मी गोळा केले. तोवर मला वाटत होतं, ते सोमवारी घडून गेलं, आता संपलं. ते अजून चालू होतं, आणि माझ्या मुलीने ते माझ्यासमोर मोजून दाखवलं होतं.

तिथून पुढे मी संध्याकाळच्या चहाला खाली गेलो नाही. ती मूठ रोज बघायची ही माझी शिक्षा होती आणि आशाही तीच होती. एकदा अर्धीच मूठ आली. दुसऱ्या दिवशी परत भरली. मी खचलो, मावशी खचल्या नाहीत. औषधं लागू पडायला वेळ लागतो, हे डॉक्टरांनी मला तीनदा समजावलं होतं, मावशी तेच आपल्या भाषेत सांगायच्या. "हळदीला बी नऊ म्हयनं लागत्यात सर. पोरीला पंदरा दिस तरी द्या."

ऋतुजाचं पहिलं वाक्य मावशींच्या वाट्याला आलं, आणि ते वाक्य म्हणजे भांडण होतं. सातव्या दिवशी मावशींनी एक बेदाणा काळ्यांत टाकला आणि ऋतुजा म्हणाली, "हा काळा नाही. तपकिरी आहे."

मी हातातले बेदाणे खाली ठेवले. मावशींनी मात्र मोठी गोष्ट घडल्याचं काहीच दाखवलं नाही. बेदाणा उचलून उजेडात धरला. "तपकिरी म्हंजे काळाच की गं. शेडात दोनच रंग हायत."

"मग शेडात चुकतंय. ह्याची वेगळी ढिगारी पाहिजे."

"आता मला तू शिकीवनार व्हय? बावीस वर्सं निवडल्यात मी."

दुपारभर दोघींचा वाद चालला. संध्याकाळी ताटात एक चौथी ढिगारी होती, तपकिरी बेदाण्यांची. त्या दिवशी कालवताना मावशी पुटपुटल्या, "उद्या परत ह्याच्यावनं भांडाय लागनार," आणि त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला जिन्यात जाऊन रडावं लागलं.

माझ्याशी मात्र ऋतुजा अजून बोललेली नव्हती. ते ज्या दिवशी झालं, त्या दिवशी खंडाळ्याहून माझी थोरली बहीण आली. अक्काला 'घाई करू नये' हे वाक्य समजत नाही. भाची दवाखान्यात आहे म्हटल्यावर तिने मनीषाला फोन करकरून पत्ता काढला, चार तास एसटीने प्रवास केला आणि मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन ती तिसऱ्या मजल्यावर उगवली. दारातूनच सुरू झाली. "काय गं माजी बाय! लय वाळलीस. दाव बगू टाकं. किती घातलं? आमच्या जावच्या पोराला आत टाकं कुजलं हुतं." आणि ती ऋतुजाच्या पोटावरची चादर बाजूला करायला निघाली.

ऋतुजाने चादर दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिने माझ्याकडे बघितलं. अपेंडिक्स आणि टाके हे माझं नाटक होतं आणि त्यातलं काम तिला करावं लागणार होतं. अक्काने मावशींना विचारलं, "आवं बाई, तुमी तरी सांगा की, जखम बरी हाय न्हवं?"

मावशी आपल्यासाठी खोटं बोलतील अशी माझी खात्री होती. इतक्या पोरांच्या घरच्यांसाठी बोलल्या असतील. मावशी म्हणाल्या, "मी बसनारी हाय ताई. जखमंचं सर सांगत्याल." आणि त्यांनी नजर ताटात घातली.

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सव्वीस वर्षं वर्गात उभं राहून बोलणारा मी, मला एक वाक्य जुळेना. शेवटी म्हणालो, "अक्का, अपेंडिक्स झालेलं नाही. मी खोटं लिहिलं. ऋतूला जगावंसं वाटत नव्हतं. तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. आता इथे उपचार चालू आहेत."

अक्का आता ओरडेल, छाती पिटेल, घराण्याच्या अब्रूचा विषय काढेल, असं मला वाटलं. ती मटकन कॉटच्या कडेला बसली. खिचडीचा डबा मांडीवर घेऊन त्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली.

"मला बी वाटायचं," ती म्हणाली. "थोरली झाली तवा. बाळातपणाला म्हायेरी आले हुते बग. सा म्हयनं रोज वाटायचं."

मी तेव्हा त्याच घरात होतो. कॉलेजला जात होतो, तिच्या हातचं जेवत होतो. "अक्का, मला काहीच..." एवढंच मी म्हणू शकलो.

"कुनी इचारलंच न्हाई सुरेशा. समद्यांनी बाळाला बगितलं."

ऋतुजाने चादर सोडली. ती आत्याकडे असं बघत होती, जसं तिने गेल्या दहा दिवसांत आमच्यापैकी कुणाकडेच बघितलं नव्हतं. मग तिने हात पुढे करून आत्याच्या मांडीवरचा डबा उघडला. खिचडी गार झाली होती. तिने चार घास खाल्ले. अक्का नंतर दोन तास बसून बेदाणे निवडत होती, आणि तपकिरीची वेगळी ढिगारी हवी की नको ह्यात तिने ऋतुजाची बाजू घेतली.

तिला एसटीत बसवून मी वर आलो, तेव्हा ऋतुजा म्हणाली, "पप्पा, आता ग्रुपवर पण सांगणार?"

"तू म्हणशील तसं."

"नको. आत्या पुरे."

सोमवारनंतरचं तिचं माझ्याशी हे पहिलं बोलणं. पाच वाजता मावशींनी तळवा पुढे केला, तेव्हा ऋतुजाने त्यावर नऊ बेदाणे ठेवले. मावशींनी एकेक मोजले आणि उरलेल्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्ये बग, ह्येवडं आज न्हाई वाटलं."

सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी घरी सोडायचं ठरवलं. औषधं कुलपात ठेवायची, गोळी आम्ही हातात द्यायची, दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं, झोप कमी झाली की लगेच फोन करायचा, हे सगळं लिहून दिलं. मावशींनी त्यात एक परीक्षा घुसवली.

"घरी रोज कोन इचारनार?"

"मी," मी म्हणालो.

"इचारून दावा."

ऋतुजा बॅग भरत होती, ती थांबली. मी विचारलं, "ऋतू, आज तुला तसं काही... वाटलं का?"

"'तसं' म्हंजे कसं?" मावशी म्हणाल्या. "नाव घिऊन इचारा."

"आज तुझ्या मनात काही नकारात्मक विचार आले का?"

"ह्ये तर पेपरातलं मराठी झालं," मावशी म्हणाल्या, आणि ऋतुजा हसली. खुदकन, तोंडावर हात ठेवून. तिला हसताना मी किती महिन्यांनी बघत होतो, ते मला आठवेना. मी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. तो एक शब्द तोंडातून निघेना. मरण हा शब्द मी कवितांचे अर्थ सांगताना हजारदा उच्चारला होता. माझ्या लेकीसमोर तो एकदाही नाही. तरी म्हणालो. "ऋतू, आज मरावंसं वाटलं का?"

"थोडं," ती म्हणाली. "सकाळी. आता नाही."

"पास," मावशी म्हणाल्या.

घरी आल्यावर मी रोज शाळेतून परतल्यावर, चहाच्या वेळी, तो प्रश्न विचारायचो. पहिले काही दिवस मनीषा तेव्हा उठून आत जायची. मग ती बसायला लागली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रोजचं आठवड्यावर आलं. मध्ये मध्ये ऋतुजा चिडायची, "पप्पा, तुम्ही आता रिक्षाच्या मीटरसारखं विचारता," म्हणायची. मी तरी विचारत राहिलो. दर पंधरवड्याला सांगलीला गेलो की ती तपासणी उरकून तिसऱ्या मजल्यावर पळायची. तिथे मावशी कुणा दुसऱ्या मुलीच्या, दुसऱ्या मुलाच्या शेजारी आडवं स्टूल टाकून बसलेल्या असायच्या. कामात असल्या तर त्या नुसती मान हलवायच्या, उठायच्या नाहीत. ज्याच्याजवळ बसल्या असतील त्याच्या वाट्याचं लक्ष त्या आमच्या ऋतुजालाही देत नसत.

मावशी मागच्या उन्हाळ्यात वारल्या. शेजारणीच्या दारात बोलत बसलेल्या असताना छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. आम्ही तिघंही कुपवाडला गेलो. गर्दीत दहा-बारा मुलं-मुली अशा होत्या, ज्यांना मावशींच्या घरातलं कुणी ओळखत नव्हतं. मुलगा सारखा विचारत होता, "तुमी कुठलं? आईची वळख कशी?" आणि ती मुलं एकमेकांकडे बघून म्हणत होती, "दवाखान्यातली." ऋतुजा आता फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे. गोळ्या चालू आहेत, कमी झाल्या आहेत. मधूनच तिचे वाईट दिवस येतात, आणि मधूनच ती इतकी बडबडते की मला पेपर तपासता येत नाहीत.

मावशींचे कितीतरी दिवस माझ्याजवळ आहेत. पण त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर मी एकाच दिवसाचं सांगतो. घरी येऊन सात महिने झाले होते. सगळं सुरळीत चाललंय, असं मी डॉक्टरांना अभिमानाने सांगून आलो होतो. त्या गुरुवारी दुपारी मी चहा ओतता ओतता नेहमीचा प्रश्न विचारला. उत्तर ठाऊक असल्यासारखा विचारला.

"हो," ऋतुजा म्हणाली. "चार दिवस झाले. रोज वाटतंय. पप्पा, सांगलीला जाऊया का?"

मी चहाचं भांडं खाली ठेवलं. मनीषाने दोन ड्रेस पिशवीत भरले. कराडच्या स्टँडवर एसटी लागलेलीच होती. ऋतुजा खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. इस्लामपूर जाईपर्यंत मी मनात एकच हिशोब मांडत होतो, की सगळं वाया गेलं. सात महिने, औषधं, तो प्रश्न, सगळं. आपण नापास झालो आणि पोरीलाही नापास केलं. तिला कळू नये म्हणून मी बाहेर उसाकडे बघत राहिलो.

तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते, पण मुलगा न्यायला यायचा होता म्हणून मावशी मजल्यावरच, मोकळ्या बसल्या होत्या. आम्हाला जिन्यातून वर येताना बघून त्या उठल्या आणि त्यांचं तोंड असं फुललं, जणू आम्ही लग्नाचं आमंत्रण घेऊन आलो होतो. "आलीस व्हय! लय ब्येस केलंस बाय, लय ब्येस!" त्यांनी ऋतुजाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

मला राग आला. मी म्हणालो, "मावशी, आनंद कसला करताय? परत यावं लागलं आम्हाला."

सिस्टरने भरतीचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी उभ्या उभ्या भरायला लागलो. रुग्णाचे नाव, वय, पत्ता. 'रुग्णास आणणाऱ्याचे नाव' ह्या ओळीवर मी माझं नाव लिहिलं. मावशींना वाचता जेमतेम यायचं, पण तो फॉर्म त्यांनी इतक्यांदा भरताना बघितला होता की कुठे काय येतं हे त्यांना पाठ होतं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"त्ये खोडा, सर."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मागल्या खेपेला तुमी तिला आणली हुती," मावशी म्हणाल्या. "आज ती आलीया."

मी माझं नाव खोडलं आणि पेन ऋतुजाच्या हातात दिलं.